फाटलंय, की मुळातच तसं आहे?

2021 ते 2023 या काळात कोकणात तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली: ओरोस, अलिबाग आणि रत्नागिरी. प्रत्येकी शंभर जागा. त्यांच्याबद्दल चर्चा होते ती इमारतीची, रिक्त पदांची आणि यंत्रसामग्रीची. हे प्रश्न खरेच आहेत. पण मृतदेह उघडून शरीररचना शिकायची डिसेक्शन हॉल नावाची जी खोली तिथे असते, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पहिल्या वर्षाची मुलं तिथे शिकतात, परीक्षा देतात आणि विसरून जातात, एवढीच तिची ओळख. रुग्णाच्या दृष्टीने या खोलीचं मोल काय, हे दाखवायला खांद्याइतका चांगला सांधा दुसरा नाही.

म्हणणं असं आहे: या महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खांद्याच्या दुर्बीण शस्त्रक्रिया रुळण्याआधी, तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागांनी हाती येणाऱ्या प्रत्येक देहाचे दोन्ही खांदे आतून उघडून त्यांची लेखी नोंद ठेवायला सुरुवात करावी. ती नोंद शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या आणि एमआरआय वाचणाऱ्याच्या टेबलावर पोचावी. नुसतीच यंत्रं आणली, तर धडधाकट लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) फाटलेलं समजून शिवून टाकण्याचा धोकाही त्यांच्याबरोबर जिल्ह्यात येईल.

धडधाकट लिगामेंट कुणी शिवेल कशाला? तर त्याचं कारण खांद्याच्या घडणीतच आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खवाट्याची खोबण उथळ. कोणत्याही क्षणी गोळ्याचा फार तर तिसरा-चौथा हिस्सा खोबणीला टेकलेला असतो. खोबणीच्या कडेने लॅब्रम नावाची चिवट गादी असते, ती खोली थोडी वाढवते. पुढच्या बाजूने सांध्याच्या पिशवीत तीन लिगामेंट असतात: वरचं, मधलं आणि खालचं. पाठ्यपुस्तकात हे तीन पट्टे एकाखाली एक, सारख्या जाडीचे, नीट रेखलेले दिसतात. विद्यार्थी ते चित्र वहीत उतरवतो आणि तेच डोक्यात घेऊन पुढे सर्जन होतो.

प्रत्यक्षात या तिघांत भरवशाचं म्हणावं तर खालचं. ते गोळ्याखाली झोळीसारखं पसरलेलं असतं, पुढे एक पट्टा, मागे एक पट्टा आणि मधे खोलगट पिशवी. हात बाजूला काटकोनात वर करून बाहेरच्या बाजूला फिरवला की पुढचा पट्टा ताणला जाऊन गोळ्याला पुढे निसटू देत नाही. 1981 साली टर्केल आणि सहकाऱ्यांनी देहांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की हाताचा कोन बदलला की रोखणारा भागही बदलतो. हात शरीरालगत असताना मुख्य भार सबस्कॅप्युलॅरिस या स्नायूवर, पंचेचाळीस अंशांवर त्या स्नायूसोबत मधल्या लिगामेंटवर आणि खालच्याच्या वरच्या भागावर, नव्वद अंशांवर खालच्या लिगामेंटवर. खांदा निखळतो तो बहुधा याच शेवटच्या स्थितीत. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पसरलेला हात मागे खेचला जातो तेव्हा तो नेमका तिथे असतो.

मधल्या लिगामेंटचा मात्र काही नेम नाही. कुणाचं पातळ पडद्यासारखं, कुणाचं दोरीसारखं गोल आणि जाड, आणि कुणाचं नसतंच. वेगवेगळ्या अभ्यासांत ते नसणाऱ्यांचं प्रमाण सुमारे आठ ते तीस टक्क्यांपर्यंत आलेलं आहे. त्याच्या शेजारी, खोबणीच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यात, लॅब्रम हाडाला चिकटलेलाच नसतो असंही पुष्कळदा दिसतं. त्या फटीला सबलॅब्रल छिद्र म्हणतात. 1994 साली विल्यम्स, स्नायडर आणि ब्युफर्ड यांनी दोनशे खांद्यांच्या दुर्बीण तपासणीचा अहवाल दिला. त्यात सुमारे बारा टक्के खांद्यांत हे छिद्र होतं. दीड टक्का खांद्यांत त्याहून विचित्र रचना आढळली: पुढच्या-वरच्या भागात लॅब्रम अजिबातच नाही आणि त्या जागी दोरीसारखं जाड मधलं लिगामेंट थेट वर जाऊन बायसेप्सच्या, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूच्या, मुळाशी जुळलेलं. तिला आता ब्युफर्ड कॉम्प्लेक्स म्हणतात. हा आजार नाही, दुखापतही नाही. माणूस तसाच जन्माला आलेला असतो.

आता दुर्बिणीतून पाहा. मागच्या बाजूने, ॲक्रोमियनच्या, म्हणजे खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाच्या, मागच्या कोपऱ्यापासून साधारण दोन सेंटिमीटर खाली आणि एक-दीड सेंटिमीटर आत केलेल्या छिद्रातून दुर्बीण आत गेली आहे. सांधा सलाइनने फुगला आहे. पडद्यावर डावीकडे किंवा उजवीकडे पांढरी चकचकीत खोबण, समोर बायसेप्सचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), आणि खोबणीच्या पुढच्या कडेला, जिथे लॅब्रम हाडाला घट्ट बसलेला दिसायला हवा, तिथे एक जाड दोर मोकळा लोंबतो आहे. त्याच्या आणि हाडाच्या मधून हुक आरपार जातो. रुग्णाचा खांदा दोनदा निखळल्याची नोंद कागदावर आहे. एमआरआयच्या अहवालात ‘पुढच्या लॅब्रमची फाट’ असं लिहिलं आहे. सर्जनच्या मनात निष्कर्ष तयारच असतो: हाच तो फाटलेला लॅब्रम. अँकर, म्हणजे हाडात रुतवायची खुंटी, ठोकायचा, टाका घालायचा, दोर हाडाला बांधायचा.

बांधला की काय होतं, ते 1994च्या त्याच अहवालात लिहिलेलं आहे: हात फिरवणं आणि वर उचलणं दोन्ही आवळलं जातं आणि दुखतं. दंडाचा गोळा बाहेरच्या बाजूला फिरताना हा दोर मोकळेपणाने सरकायला हवा असतो. तो खोबणीच्या मानेला जखडला की बाहेर फिरवण्याची हालचाल तिथेच अडते. शिवाय, खालचा लॅब्रम खरोखर फाटलेला असेल आणि लक्ष वरच्या दोराकडे गेल्यामुळे तो राहून गेला असेल, तर खांदा आखडतोही आणि निखळतोही. पाग (मासेमारीचं जाळं) फेकणारा, माडावर चढणारा पाडेली, झेला उंच धरून आंबा काढणारा, या सगळ्यांचं काम हात डोक्याच्या वर आणि मागे नेण्यावर चालतं. बाहेर फिरवण्याचे वीस-तीस अंश गेले तर टेबलावर बसून काम करणाऱ्याला कदाचित कळणारही नाही. पाग फेकणाऱ्याचा मात्र धंदा बसतो.

फरक ओळखता येतो, आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही. खोबण म्हणजे घड्याळाची तबकडी धरायची, बारा वर आणि तीन पुढच्या बाजूला. जन्मजात छिद्र बहुधा एक ते तीनच्या दरम्यान सापडतं. निखळण्यामुळे पडणारी खरी फाट, जिला 1923 साली तिचं वर्णन करणाऱ्या बँकार्टचं नाव मिळालं, ती तीन ते सहाच्या दरम्यान, म्हणजे खोबणीच्या खालच्या अर्ध्या भागात असते. म्हणून हुक आधी खाली लावायचा. चार-पाचच्या जागी लॅब्रम घट्ट असेल आणि फक्त वरच्या भागात मोकळा असेल, तर हात थांबवायचा. कडा पाहायच्या: जन्मजात कडा गुळगुळीत असते आणि तिच्याखालचं कूर्चेचं आवरण अखंड काठापर्यंत आलेलं असतं, फाटीची कडा झिरमिळ्या झालेली, लालसर, तिच्याखालचं हाड उघडं किंवा खरवडलेलं. मग तो दोर डोळ्यांनी खाली शोधत जायचा. मधलं लिगामेंट सबस्कॅप्युलॅरिसच्या कंडऱ्याला तिरकं ओलांडून दंडाच्या हाडाकडे जातं. फाटलेला लॅब्रम खोबणीच्या कडेनेच चालतो. शेवटी सहाय्यकाला हात बाहेर फिरवायला सांगायचं आणि दोर ताणला जातो का ते बघायचं. टाका घातलाच, तर गाठ पक्की करण्याआधी पुन्हा एकदा हात फिरवून बघायचा. सगळं मिळून पाच मिनिटं. ही पाच मिनिटं सुचायला तो दोर आधी कुठेतरी पाहिलेला असावा लागतो. अडचण तिथे आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेगळी रचना म्हणजे ‘नॉर्मल आहे, सोडून द्या’ असाही नियम नाही. 2003 साली साडेपाचशेच्या आसपास रुग्णांच्या दुर्बीण तपासण्यांचा एक अहवाल आला. त्यात अशा रचना असलेल्यांच्या पुढच्या-वरच्या लॅब्रमवर झीज अधिक दिसली आणि त्यांचा हात आतल्या बाजूला जास्त फिरत होता. म्हणजे जन्मजात रचनाही काहींच्या बाबतीत पुढच्या त्रासाची पायवाट असू शकते. त्यामुळे नोंदीत ‘छिद्र आहे’ एवढंच लिहून भागत नाही. शेजारच्या कूर्चेची आणि बायसेप्सच्या मुळाची अवस्थाही लिहावी लागते.

एमआरआयचं प्रकरण याहून नाजूक आहे, कारण त्याचा कागद सर्जनच्या आधी रुग्णाच्या हातात पडतो. अहवालात ‘टेअर’ हा शब्द आला की तो व्हॉट्सअॅपवर मुंबईच्या भावापर्यंत पोचतो, आणि ‘ऑपरेशन कधी?’ हा प्रश्न डॉक्टरने तोंड उघडण्याआधी तयार असतो. आडव्या छेदात दोरीसारखं मधलं लिगामेंट हुबेहूब सुटलेल्या लॅब्रमच्या तुकड्यासारखं दिसतं. तो गोल ठिपका एकेका छेदात खाली-खाली पाहत गेलं, की तो पुढच्या पिशवीत आणि सबस्कॅप्युलॅरिसच्या मागे मिसळताना सापडतो. तुकडा असता तर तो कडेशी राहिला असता. बायसेप्सच्या मुळाखालच्या नैसर्गिक खाचेचंही तसंच. ती खाच देहांच्या अभ्यासात सत्तर टक्क्यांपर्यंत आढळली आहे. तिची रेषा गुळगुळीत असते, खोबणीच्या वळणाला धरून आतल्या बाजूला वळते आणि बहुधा दोन मिलिमीटरहून अरुंद असते. खरी फाट वेडीवाकडी असते, बाहेरच्या बाजूला, लॅब्रममध्ये शिरते आणि बायसेप्सच्या मागेही पसरते. रेडिओलॉजिस्टने ‘एक ते तीनच्या दरम्यान लॅब्रमखाली फट, कडा गुळगुळीत, जन्मजात रचना असू शकते, तीनच्या खाली लॅब्रम शाबूत’ एवढी ओळ लिहिली, तरी पुढचा अर्धा घोटाळा टळतो. सांध्यात द्रव सोडून केलेला एमआरआय अधिक स्पष्ट असतो, पण तो सगळीकडे होत नाही. साध्या एमआरआयवर छातीठोक शब्द वापरण्याआधी म्हणूनच दहादा विचार करावा.

गोष्ट फक्त सांध्याच्या आतल्या लिगामेंटांची नाही. खवाट्याच्या वरच्या कडेला एक खाच असते आणि तिच्यावर आडवं लिगामेंट ताणलेलं असतं. खाचेतून, म्हणजे लिगामेंटच्या खालून, सुप्रास्कॅप्युलर नस (मज्जातंतू) जाते आणि वरून त्याच नावाची धमनी. परीक्षेत ‘नस खाली, धमनी वर’ असं लिहिलं की गुण मिळतात. प्रत्यक्षात काहींची धमनीही खालून जाते. काहींचं लिगामेंट दुभंगलेलं असतं, काहींचं अंशतः किंवा पूर्णपणे हाड झालेलं असतं आणि खाचेचं बंद छिद्र बनलेलं असतं. रेंगाचारी यांनी 1979 साली या खाचेचे सहा प्रकार केले, त्यातला सहावा हा पूर्ण हाडाचा. नस इथे दाबली गेली तर खांद्याच्या मागे खोल ठणका लागतो, हात वर उचलायला आणि बाहेर फिरवायला जोर राहत नाही, आणि खवाट्याच्या पाठीवरचे स्नायू बसून तिथे खड्डा पडतो. उपाय म्हणजे लिगामेंट कापून नस मोकळी करणं. दुर्बिणीतून कात्री घेऊन गेलेल्या सर्जनला तिथे हाडाचा पूल भेटला, तर कात्रीचा उपयोग नाही; बर (हाड घासणारं फिरतं हत्यार) किंवा छिन्नी लागते, तीही नसेपासून काही मिलिमीटरवर. आधी सीटी स्कॅन काढला असता तर हत्यार टेबलावर तयार असतं. आणि खालून जाणारी धमनी लक्षात न येता कापली गेली, तर रक्ताने पडदा लाल होतो आणि दुर्बिणीचं कामच थांबतं.

कॉलरबोन आणि कोराकॉइड (खवाट्याचं पुढे आलेलं चोचीसारखं टोक) यांना बांधणाऱ्या दोन लिगामेंटांची, कोनॉइड आणि ट्रॅपेझॉइडची, कथा मोजमापाची आहे. मोटरसायकलवरून खांद्यावर आपटलेल्या तरुणाचं कॉलरबोनचं टोक वर उचललं जातं ते ही दोन तुटल्यामुळे. नव्याने बांधताना कॉलरबोनला भोकं पाडतात. बऱ्याच जणांच्या हातात बसलेलं माप आहे: बाहेरच्या टोकापासून 45 मिलिमीटर आणि 30 मिलिमीटर. पण 2007 साली अमेरिकेत झालेल्या मोजणीने दाखवलं, की खरी स्थिर गोष्ट मिलिमीटर नाही, प्रमाण आहे: कोनॉइडच्या उंचवट्याची आतली कड हाडाच्या लांबीच्या सुमारे 31 टक्क्यांवर, ट्रॅपेझॉइडचा मध्य सुमारे 17 टक्क्यांवर. दीडशे मिलिमीटरच्या कॉलरबोनवर 31 टक्के म्हणजे साधारण 46. एकशे तीसच्या कॉलरबोनवर 40. बारीक चणीच्या बाईच्या हाडात पुस्तकातलं 45चं माप धरून भोक पाडलं, तर ते पाच मिलिमीटर आत सरकतं, म्हणजे जवळपास एका भोकाच्या रुंदीइतकं. भोक जितकं आत, तितकी बसवलेली जोड पुन्हा उचलली जाण्याची शक्यता जास्त. शस्त्रक्रियेआधी दोन्ही कॉलरबोनचा एक्सरे काढून पट्टीने लांबी मोजायची, इतकंच करायचं आहे. आपल्याकडच्या कॉलरबोनची लांबी आणि या लिगामेंटांच्या जागा तिन्ही महाविद्यालयांतल्या हाडांच्या पेट्यांतून एका सत्रात मोजून होतील. कोराकॉइड आणि ॲक्रोमियनमधल्या पट्ट्याचेही वाय आकाराचा, चौकोनी, रुंद, अनेकपदरी असे प्रकार आहेत. त्यांचं महत्त्व त्या मानाने कमी.

हाडांच्या पेटीचा उल्लेख झाला म्हणून एक सांगतो. भारतात खवाट्याच्या खाचेवर, कॉलरबोनच्या लांबीवर निबंधांचा पाऊस आहे. कारण उघड आहे: सुकी हाडं कपाटात असतात, व्हर्नियर कॅलिपर घेऊन आठवडाभर बसलं की पदव्युत्तर विद्यार्थ्याचा निबंध होतो. मऊ ऊतींवरचं काम, सांध्याच्या आतल्या लिगामेंटांवरचं काम, त्या मानाने फारच थोडं. हाडाला वास येत नाही, त्याला बुरशी लागत नाही, ते पावसाळ्यात टिकतं. सर्जनची फसगत होते ती मात्र मऊ भागात.

डिसेक्शन हॉलमध्ये खांद्याचं प्रत्यक्षात काय होतं? मुलं पुढून सुरुवात करतात. छातीचे स्नायू, काख, नसांचं जाळं. खांद्याच्या सांध्यापर्यंत पोचेस्तोवर वेळ संपलेला असतो. सबस्कॅप्युलॅरिस कापून पिशवी पुढून उघडली जाते, आणि ज्या पुढच्या भिंतीत तिन्ही लिगामेंटं आहेत ती भिंतच चिरली जाते. मग शिक्षक सांगतात, ‘इथे तीन जाड पट्टे असतात.’ मुलं मान डोलावतात. दिसलेलं काही नसतं.

नीट पाहायचं तर मागून उघडावं लागतं. खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू उलटवायचा, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर हे मागचे स्नायू त्यांच्या टोकापाशी सोडवून मागे घ्यायचे, पिशवीची मागची भिंत उभी कापायची. हात आत फिरवून गोळा मागच्या खिडकीतून बाहेर आणायचा आणि बारीक करवतीने गोळ्याचा मोठा भाग कापून काढायचा. खालच्या टोकाला थांबायचं, कारण तिथे खालच्या लिगामेंटची दंडाकडची जोड असते. ती कापली गेली तर झोळी सुटते आणि काही कळत नाही. गोळा निघाला की सांध्याची पुढची भिंत आतून, म्हणजे दुर्बिणीतून दिसते त्याच बाजूने, पूर्ण समोर येते. लिगामेंट अस्पष्ट वाटलं तर सबस्कॅप्युलॅरिस पुढून हलकेच ओढायचा, घडी उठून दिसते. सहाच्या जागी पिशवीच्या बाहेर ॲक्झिलरी नस शोधायची. खोबणीच्या काठापासून ती सरासरी बारा मिलिमीटरच्या आसपास आणि पिशवीपासून दोन-तीन मिलिमीटरवर असते. हे अंतर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला निवासी डॉक्टर खालच्या पिशवीत सुई खोल घालणार नाही.

नोंदीसाठी एक पानी तक्ता पुरे. बाजू, वय, लिंग. लॅब्रम कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत हाडाला चिकटलेला. छिद्र असल्यास त्याची लांबी मिलिमीटरमध्ये. मधलं लिगामेंट: नाही, पडदा, दोर, वरचं टोक लॅब्रमला, हाडाला की बायसेप्सच्या मुळाला. खालच्या लिगामेंटची जोड लॅब्रमला की खोबणीच्या मानेला. खवाट्याच्या खाचेवरचं लिगामेंट: रुंदी, हाड झालेलं आहे का, धमनी वरून की खालून. कोराकॉइड आणि कॉलरबोनमध्ये जास्तीचा सांधा आहे का. आशियाई लोकांत तो युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळतो. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन फोटो. दहा विद्यार्थ्यांमागे एक देह धरला, तर शंभर जागांच्या महाविद्यालयात वर्षाला दहा देह, वीस खांदे. तिन्ही शासकीय महाविद्यालयांत साठ. पाच वर्षांत तीनशे खांदे. 1994च्या अहवालाची टक्केवारी इथे लागू पडली, तर छत्तीसेक छिद्रं आणि चार-पाच ब्युफर्ड. शोधनिबंधासाठी तीनशे हा आकडा ठीकठाक आहे, आणि एकाच माणसाचे दोन खांदे स्वतंत्र धरू नयेत हे संख्याशास्त्रज्ञ सांगेलच. पण प्रत्येक तुकडीला ते चार-पाच खांदे बाटलीत जतन करून दाखवता येणं, हा खरा लाभ.

कोकणी माणसाचा खांदा काही निराळा असतो, असा दावा इथे नाही. तसं मानायला आधार नाही आणि गरजही नाही. आपल्या भागातली रचना मोजण्यामागे अस्मिता वगैरे काही नाही. मोजताना डोळा तयार होतो, म्हणून मोजायचं.

यात खरा अडसर देहांचा आहे, आणि इथे कोकणाचं हवामान आणि कोकणाची माणसं दोन्ही येतात. फॉर्मालिनने जतन केलेला देह ताठ होतो. आकार दिसतो, पण हात फिरवून ताण पाहता येत नाही. मऊ ठेवणारी पद्धत ग्राझच्या वॉल्टर थील यांनी 1992 साली मांडली. तिला क्षार, ग्लायकॉल, मोठ्या टाक्या आणि काही महिन्यांचा काळ लागतो, खर्चही जास्त येतो. ताजा गोठवलेला देह दुर्बिणीच्या सरावाला सर्वांत चांगला, पण त्याला उणे वीस अंश सेल्सिअस अखंड लागतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. जनित्र आणि त्याचं डिझेल याची हमी नसताना किनाऱ्यावर गोठवणपेट्या घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सध्याच्या फॉर्मालिनच्या देहांनाही जून ते सप्टेंबर बुरशी धरते, विशेषतः हात आणि चेहरा. मिश्रणात फिनॉल आणि ग्लिसरीन पुरेसं ठेवणं, काम संपलं की ओल्या कापडात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं, हॉलमध्ये आर्द्रता शोषणारी यंत्रणा बसवणं, हे साधे उपाय अंदाजपत्रकात घालायला हवेत. एका एमआरआय यंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

आणि देह येणार कुठून? 1949च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची सोय केली. पण गावात बेवारस माणूस क्वचितच असतो, देहदानावरच भिस्त. इच्छापत्र भरणारे कोकणात पुष्कळ आहेत. अडतं ते मृत्यूनंतर. म्हातारं माणूस वाडीत वारतं, मुलं मुंबईला. ‘मुंबैवाले येईपर्यंत थांबू’ असं म्हणून रात्र जाते, उकाड्यात देह खराब व्हायला लागतो आणि महाविद्यालय तो नाकारतं. इच्छापत्र असलं तरी जवळच्या नातेवाइकाने संमती दिल्याशिवाय पुढे काही होत नाही, हेही घरच्यांना आयत्या वेळी कळतं. शवविच्छेदन झालेला देह बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. कावीळ बी, एचआयव्ही असेल तर नाही. अवयव काढले असतील तर नाही, फक्त नेत्रदान चालतं आणि ते सहा तासांच्या आत.

उपाय कागदावर सोपे आहेत. महाविद्यालयाचा चोवीस तास उचलला जाणारा एक फोन, स्वतःची शववाहिका, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक शीतपेटी, आणि मृत्यूचा दाखला रात्रीही देणारा वैद्यकीय अधिकारी. मुंबईची माणसं शीतपेटीपाशी येऊन दर्शन घेतील. दहावं-बारावं देहाशिवायही होतं, हे गुरुजींकडूनच सांगितलं गेलं तर घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

ऑर्थोपेडिकवाल्यांकडून यावर एक आक्षेप नक्की येईल: खांद्याची दुर्बीण आम्ही मोठ्या शहरांत फेलोशिप करून शिकतो, पहिल्या वर्षाच्या डिसेक्शनवर ती अवलंबून नाही. फेलोशिपवाल्यांपुरतं हे बरोबर आहे. पण जिल्ह्यातल्या रुग्णाच्या वाटेवर फेलोशिपवाला सर्जन शेवटी भेटतो. त्याच्या आधी एमआरआय वाचणारा असतो, ‘फाटलंय, ऑपरेशन लागेल’ असं सांगणारा जनरल ऑर्थोपेडिक असतो, फिजिओथेरपिस्ट असतो. त्यांनी दोर पाहिलेला नसेल तर रुग्ण सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीला किंवा चिपळूणहून कोल्हापूरला जातो तो मनाची तयारी करूनच, आणि तिथल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्याच्या मनातलं ‘फाटलंय’ काढायला कुणाला वेळ नसतो. दुसरा आक्षेप वेळेचा: पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम आधीच आवळलेला. त्यावर उत्तर आहे, की हे काम पहिल्या वर्षाच्या मुलांनी करायचंच नाही. पहिल्या वर्षाच्या तुकडीचं काम चालू होण्याआधी शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकांनी आणि अस्थिरोगाच्या निवासी डॉक्टरांनी मिळून प्रत्येक देहाचे दोन्ही खांदे मागून उघडायचे. पुढची बाजू मुलांसाठी शाबूत राहते.

आकडे एकत्र कुणी ठेवायचे, यावरून वाद होईल. ते शरीररचनाशास्त्र विभागाकडेच असावेत, विभागाच्या नोंदवहीत, शिक्षकाच्या लॅपटॉपमध्ये नव्हे. प्रतिनियुक्तीवर आलेला शिक्षक वर्षभरात परत जातो आणि लॅपटॉप त्याच्याबरोबर. दर सहा महिन्यांनी अस्थिरोग, रेडिओलॉजी आणि शरीररचनाशास्त्र यांनी एकत्र बसून नोंदीतले फोटो, त्याच काळातले दुर्बिणीचे व्हिडिओ आणि एमआरआयचे छेद शेजारी-शेजारी लावून पाहावेत. आणि देहदानाच्या अर्जात एक ओळ वाढवावी लागेल: ओळख पटणार नाही अशा रीतीने शरीराच्या रचनेचे फोटो काढून ते शिक्षणासाठी आणि अभ्यासासाठी वापरायला संमती आहे. ही ओळ इच्छापत्रात आणि नातेवाइकाच्या संमतीपत्रात, दोन्हीकडे हवी. नाहीतर पाच वर्षांनी तीनशे खांदे मोजून झाल्यावर नैतिक समिती एकही फोटो छापू देणार नाही.